माझ्या गळतीला मिळालेली दाद

चामडी चपलांवर पावसाळ्यात बुरशी येते.

पुण्याच्या एका बाईंनी पाच तारे दिले.

"खालचो सूर गळता रे."

दोर अर्ध्यावर थांबले.

मी एक जुना सॅक्सोफोन आहे, मित्रांनो. वरचे चारही तुकडे माझ्याच आयुष्याचे आहेत. ते जोडून सांगताना मला लाज वाटते, तरी सांगतो.

मालवणच्या किनाऱ्यावर, आचऱ्याच्या रस्त्याला कुस्तोदियोचं घर आहे. त्याने मला म्हापशाहून आणलं आणि वाडीच्या बँडमध्ये वाजवलं. लग्नं वाजवली, मयतं वाजवली. माझ्या पितळी अंगावर भोकं आहेत, त्यांवर झाकणं आहेत आणि झाकणांच्या आत चामड्याच्या चकत्या. चकती घट्ट बसली तरच सूर भरतो. कुस्तोदियो रोज मला पुसायचा. मग त्याची बोटं आखडली आणि मी त्याच्या मुलाकडे, एल्रॉयकडे गेलो.

एल्रॉय जॅझ वाजवतो, आणि सुंदर वाजवतो. पण पुसत नाही. पावसाळ्यात चपलांवर येते तीच बुरशी धरून, खाऱ्या हवेने माझी सगळ्यात खालची चकती कुजली. त्याच अवस्थेत त्याने अल्बम केला. नाव ठेवलं 'खारा वारा'.

तो इंटरनेटवर टाकला आणि ऐकणाऱ्यांची मतं येऊ लागली. एल्रॉयची बहीण मेल्विना ती पडवीत बसून मोठ्याने वाचायची.

'हा सूर नाही, समुद्राचा श्वास आहे.' या पुण्याच्या बाई.

'शेवटच्या सुरातला वारा कसा काढलात? मला जमत नाही.'

'अप्रतिम. बायको म्हणते कुकरची शिट्टी गेली आहे. तिला जॅझ कळत नाही.'

मित्रांनो, त्या बायकोला सगळं कळलं होतं. तिचं नाव कुणी लिहिलं नाही.

"खंयचो वारो?" कुस्तोदियो म्हणाला. "चामडा कुजला आसा, दुसरा काय नाय."

"पप्पा, लोकांक तोच आवडता. चकती बदलली तर तो आवाज जातलो."

"आणि मयताक वाजवशीत तेव्हा?"

"मेलेलो माणूस काय कमेंट करूचो नाय," एल्रॉय हसला. मेल्विना हसली नाही. वारा कसा काढता, असं विचारणाऱ्याला त्याने उत्तर लिहिलं, 'अनेक वर्षांचा रियाज.' मी खुर्चीत त्याच्या शेजारी होतो. कौतुक ऐकून कुणाला तोंड लपवावंसं वाटतं का? मला वाटलं.

त्याच महिन्यात क्रिस्टोफर गेला. तो बँडचा ड्रमवाला, कुस्तोदियोचा दोस्त. आमच्या वाडीची एक रीत आहे. शवपेटी खाली सोडताना ड्रम थांबतो आणि सॅक्सोफोन एकटा सगळ्यात खालचा सूर धरतो. दोर धरणारे त्या सुरावर हात ढिले करतात. पेटी तळाला टेकली की सूर संपतो. इतकी वर्षं क्रिस्टोफरच ड्रम थांबवून मला वाट करून द्यायचा.

एल्रॉयने सूर लावला. फुस्स झालं. त्याने करंगळीने झाकण आणखी दाबलं. पुन्हा फुस्स. दोर धरणाऱ्यांना वाटलं, सूर संपला. ते थांबले. पेटी अर्ध्यावर लोंबकळत राहिली. कुणीतरी खोकलं.

क्रिस्टोफरची बायको सिल्व्हिया हळूच म्हणाली, "सोडा रे तेका. लटकत ठेवू नकात."

कुस्तोदियो आपल्या आखडलेल्या बोटांकडे बघत राहिला.

घरी येऊन एल्रॉयने त्या प्रश्नाखाली नवं उत्तर लिहिलं: 'तो वारा नाही. गळती आहे. मी दुरुस्त केली नाही.' जेवायच्या आधी तिथे मतं जमली. 'किती नम्र कलाकार!' आणखी तारे आले. मेल्विना वाचायला लागली तर त्याने तिच्या हातातला फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हापशाच्या कारागिराने माझी चकती बदलली. क्रिस्टोफरच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, एल्रॉय मला घेऊन कबरीपाशी गेला आणि तोच सूर लावला. सूर भरला, टिकला. सिल्व्हिया मेणबत्ती सावरत होती.

"बरो लागलो," ती म्हणाली. "तेव्हा होयो होतो."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर ते पुसा. आवाज बिघडला की दुरुस्त करा, टाळ्या पडत असल्या तरी करा. वाद्याला स्वतःची चकती बदलता येत नाही. तुमच्या हातांवाचून त्याला दुसरं कुणी नाही.

अल्बमवर सगळ्यात पहिलं मत क्रिस्टोफरने दिलं होतं. सायकल न थांबवता, कुंपणापलीकडून, ओरडून: "खालचो सूर गळता रे."