चांदणीची तीन बाळंतपणं

मी चांदणी, इराणी मांजर, बोलतेय. लाडिक म्यावम्याव ऐकायची असेल तर दुसरं घर बघा. एका माणसापायी माझी पिल्लं मेली आणि मी त्याचा सूड उगवला, तेवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म मुंबईला, एका पारशी बाईंच्या घरी. तीन महिने आईजवळ राहिले, बशीतलं खायला शिकले, मगच बाईंनी मला प्रभाकररावांच्या हवाली केलं. हिची पिल्लं हिच्यापासून लवकर तोडू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. प्रभाकरराव मान डोलवत होते.

ते वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंग कारखान्याचे मॅनेजर. नालवाडीच्या रस्त्यावर त्यांचा बंगला. पाहुणे आले की मला मांडीवर घेत, गेले की खाली टाकत.

पहिल्या खेपेला मला तीन पिल्लं झाली. विसाव्या दिवशी त्यांनी तिन्ही उचलून नागपूरच्या बड्या घरी वाटली. एक जिनिंगच्या मालकीणबाई सुलोचनाबाईंकडे गेलं. मी खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरले. दूध दाटून अंग तापलं. आठवड्यात तिन्ही मेल्याची पत्रं आली. ती वाचून प्रभाकरराव बायकोला म्हणाले, "मांजरच ती. पुन्हा होतील."

पुन्हा झाली. दोन. तीही तशीच गेली आणि तशीच मेली.

तेव्हा माझ्या तापलेल्या अंगावर ओलं फडकं ठेवलं ते आनंदाबाईनं. ती जिनिंगमध्ये कापूस निवडायची, बंगल्यासमोर रस्त्यापलीकडे राहायची.

तिसऱ्या खेपेला चार झाली आणि मी वाट पाहत बसले नाही. भर दुपारी, बंगला झोपलेला असताना, एकेक पिल्लू तोंडात धरून रस्ता ओलांडला. तिसऱ्या फेरीत कुत्रा आडवा आला. त्याचं नाक फाडलं नि पुढे गेले. आनंदाबाईनं टोपलीत जुनं लुगडं अंथरलं.

दोनच दिवसांनी सुलोचनाबाई बंगल्यावर आल्या. त्यांना पिल्लू द्यायला माझ्या बाळंतपणाची पेटी उघडली तर ती रिकामी! पिल्लं बोक्यानं खाल्ली, असं प्रभाकररावांनी ठोकून दिलं. मग बाईंनी विचारलं, मला दिलेलं मागचं पिल्लू किती दिवसांचं होतं? दोन महिन्यांचं, ते म्हणाले.

आनंदाबाई मागे येईल म्हणून मी मुद्दाम बंगल्याच्या ओसरीवर जाऊन बसले होते. मला शोधत आनंदाबाई दारात आली होती. तिनं ते ऐकलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली होती, तेव्हापासून कुणापुढे वाकून बोलत नसे.

"वीस दिवसाचं होतं बाई," ती म्हणाली. "त्याले खाताच येत नोतं. मायपासून तोडलं म्हणून मेलं. आता चार जित्ते आहेत, माह्या घरी."

उद्यापासून कामावर येऊ नकोस, प्रभाकरराव कडाडले आणि मला उचलायला वाकले. मनगटापासून कोपरापर्यंत मी त्यांना सोललं.

"कामावर कोण राहील ते मी ठरवीन," सुलोचनाबाई शांतपणे म्हणाल्या. साहेबांचा चेहरा असा उतरला की रक्तापेक्षा मला तोच गोड लागला.

पिल्लं तीन महिने आनंदाबाईच्या घरी माझ्याजवळ राहिली. कुणी मागायला आलं की आनंदाबाई त्याचं घर पाहून यायची, दूध कुठून आणता, कुत्रा आहे का, विचारायची. नेणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "नाई जमलं तं परत घेऊन येजो, रस्त्यावर सोडू नको." सुलोचनाबाईही थांबल्या आणि स्वतः येऊन एक घेऊन गेल्या. चारही जगली.

वर्षभरात सुलोचनाबाईंनी प्रभाकररावांची हिंगणीकडच्या एका आडगावी रवानगी केली. निघताना ते वाटीभर दूध घेऊन मला न्यायला आले, 'चांदणी, चांदणी' करत उन्हात उभे राहिले. मी सगळं दूध प्यायले. मग छपराच्या कवेलूंवर चढून त्यांच्याकडे पाठ करून बसले. ते किती वेळ उभे होते, मी वळून पाहिलं नाही.

आता मी म्हातारी झालेय, आनंदाबाईच्या चुलीशी पडून असते. आमच्यातलं पिल्लू हवं असेल तर खुशाल या, पण तीन महिने थांबायची तयारी ठेवा. घाई करणाऱ्याचा हात मी आजही ओळखते.