घासलेले दगड

"अहो, फ्रिजमध्ये दगड कशाला ठेवले होते तुम्ही?" शनिवारी सकाळी कमलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

बबनराव ताडकन उठले. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीत, मनीप्लँटच्या कुंडीभोवती, नऊ दगड लख्ख मांडून ठेवलेले होते.

"घासलेस?"

"मग? भाजीशेजारी हिरवी बुळबुळ! तारेच्या घासणीने घासले, तेव्हा कुठे निघाली."

ती बुळबुळ म्हणजे बबनरावांचा ऐवज होता. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते सत्तावीस वर्षं मदतनीस होते. गुरुग्रामजवळच्या टेकडीवर विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, तोडून देशी झाडं लावायचं काम चाललं होतं. तिथल्या ओढ्याच्या वरच्या अंगाची झाडं गेली होती, खालची सोमवारच्या मीटिंगनंतर जाणार होती. "पाण्यात फरक नाही," असं साहेबलोक बाटलीतलं पाणी तपासून म्हणत. बबनराव म्हणत, पाण्याला काय विचारता, दगडाला विचारा! सावली गेली की ऊन थेट तळाशी पोचतं, उघड्या मातीतली पोषकद्रव्यं वाहून येतात आणि शेवाळ ते सगळं खाऊन माजतं. पाणी मात्र साळसूद दिसतं. शुक्रवारी ओढ्यातले दगड घेऊन ते परतेपर्यंत लॅबला कुलूप लागलं होतं, म्हणून पुरावा घरच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि कमलाबाईंनी तो धुऊन काढला.

"चलो, उद्या मीपण येते," कमलाबाई ओशाळून म्हणाल्या. "बिघडवलं मी, तर निस्तरणार पण मीच."

रविवारी मेट्रो, मग ऑटो, मग पायवाट. वरच्या ओढ्यात पदर खोचून बसलेल्या कमलाबाई टूथब्रशने शेवाळ खरवडून बाटलीत उतरवू लागल्या, तेव्हा बबनरावांना भलताच अभिमान वाटला. असा हात लॅबमध्येही कुणाचा नव्हता. खालचे, सावलीतले दगड जवळजवळ कोरेच निघाले. तिथेच बसून दोघांनी डबा खाल्ला.

सोमवारी लॅबच्या प्रमुख उल्का मॅडमनी विचारलं, "बबनराव, नमुन्यावर रविवारची तारीख कशी?"

त्यांनी खरं ते सांगून टाकलं. मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग एक गर्द हिरवी आणि एक फिकी, अशा दोन बाटल्या घेऊन मीटिंगला गेल्या.

संध्याकाळी बबनराव जिलेबी घेऊनच घरी आले. "ठेवणार! खालच्या ओढ्याकाठची झाडं, नवी लावलेली वाढेपर्यंत, ठेवणार, बिल्कुल पक्कं. आणि नमुना घेणाऱ्यांत मॅडमनी तुझं नाव लिहिलंय."

"माझं? अय्या!" कमलाबाई हरखून गेल्या. मग काहीतरी आठवून त्यांनी जिलेबी खाली ठेवली.

"अहो, वरच्या पाण्यात एक मासा होता. एवढासा. तिथली झाडं?"

"ती तर गेलीच ना."

"मग त्याला कोण सांगणार, खाली सावली आहे म्हणून?"

सत्तावीस वर्षांत बबनरावांना हा प्रश्न कधी पडला नव्हता.