कुरिनोसावाची दुसरी चिठ्ठी

एका डब्याची गाडी. ड्रायव्हर माकाबे आणि कंडक्टरही माकाबेच. उद्या या मार्गावरची शेवटची फेरी. कॅमेरे घेऊन शहरातली माणसं येतील, गाडीत मुंगीला शिरायला जागा उरणार नाही. जिवंतपणी विचारायचं नाही, मेल्यावर मात्र हार! आज चार-बाराची गाडी नेहमीसारखी रिकामी होती. बाहेर मार्चातला बर्फ पडत होता, आणि कुरिनोसावाचा थांबा जवळ आला तसे माकाबेचे कान मागच्या दाराकडे लागले.

तीन वर्षं हेच चाललं होतं. त्या थांब्यावर मागचं दार उघडायचं, कुणी चढायचं नाही, तरी दाराजवळच्या यंत्रातून चिठ्ठी ओढल्याची टिंग वाजायची. चढताना स्टेशनाचं नाव छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पुढच्या पेटीत टाकायची, हा नियम. ती चिठ्ठी पेटीत कधीच पडली नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. तुम्हीच कान तपासून घ्या."

कान नव्हे, बोट तपासायला हवं होतं. निघण्यापूर्वी आरशाकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचं, 'चढणारे नाहीत, दार बंद.' चूक होऊ नये म्हणूनच ही सवय लावलेली. पण तीस वर्षांत बोट आपलं आपण उठायला लागतं, तोंड आपलं आपण बोलतं आणि डोळे असतात घड्याळावर. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गाडीला चार मिनिटं उशीर झाला होता. बोट उठलं, तोंड बोललं, गाडी हलली, आणि मग आरशात एक लाल हातमोजा दिसला, वर केलेला. माकाबेनं ब्रेक लावला नाही. दवाखान्यातल्या बायकोला भेटायला निघालेला तो जिनपाची म्हातारा, गाडी गेल्यावर बर्फातून पायी निघाला आणि सकाळी रस्त्याकडेला गोठलेला सापडला. माकाबेनं जबाबात लिहिलं: फलाट पाहिला, कुणी नव्हतं.

आज कुरिनोसावाला खरंच कुणीतरी उभं होतं. जिनपाचीची बायको, फुकिए. टिंग. तिनं चिठ्ठी घेतली आणि ती पुढे आली. तिच्यामागे पुन्हा टिंग. माकाबेनं आरशात पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"मुलीकडे चाललेय, कायमची," त्याच्या मागच्या बाकावर बसत ती म्हणाली. मांडीवरच्या गाठोड्यात देव्हाऱ्यातली नवऱ्याच्या नावाची पाटी होती. "उदबत्ती लावते हो यांना. पण पाटीपुढे रोजचा चहा? तीन वर्षं ठेवला नाही. शेगडीपाशी रेंगाळले असतील आणि गाडी चुकवली. जन्मभर उशीर, मरतानाही उशीर! अशा माणसाला कसला चहा?" ती हसली, आणि ते हसू माकाबेला मानेवर फुंकर घातल्यासारखं लागलं.

पुढच्या स्टेशनात समोरची गाडी येईपर्यंत सहा मिनिटं थांबायचं होतं. माकाबेनं टोपी काढली आणि तो उठला.

"काकू, ते उशिरा आले नव्हते. फलाटावर होते. हात वर केला होता त्यांनी. मला आरशात दिसलं, तरी मी गाडी नेली. जबाबही खोटा लिहिला."

फुकिएनं थोबाडीत मारावी असं त्याला मनापासून वाटलं.

"मला काय सांगताय?" ती म्हणाली. "तीन वर्षं मी ज्यांना बोल लावला, त्यांना सांगा."

माकाबे तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळला, कमरेत वाकला आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागला. मान वर केली तेव्हा त्या जागेवर एक चिठ्ठी पडली होती. कुरिनोसावाची, ओली.

फुकिएनं आपली मूठ उघडून पाहिली. तिची चिठ्ठी तिच्या हातातच होती.

"तुम्हाला माफ केलंय असं समजू नका," ती म्हणाली.

मग तिनं थर्मास काढला. झाकणात चहा ओतला. झाकण तिनं रिकाम्या जागेवर, त्या चिठ्ठीशेजारी ठेवलं.

"घ्या हो," ती म्हणाली. "गरम आहे. वेळेवर आला होतात, तर इतके दिवस बोलला का नाहीत?"