पोट दिसायला लागलं

“आंबट खावंसं वाटतंय का गं?” माझ्या पोटाकडे पाहत अत्तेंनी विचारलं. सासूबाईंना मी इथल्या कन्नड रीतीने अत्तेच म्हणते.

“नाही. मळमळतंय.”

“मग तेच.” त्या हसल्या आणि शेजारच्या कस्तुराबाईंना हाक मारायला गेल्या.

सकाळपासून पोट ताणलं होतं. सलवारीची नाडी सैल केली तरी काचत होती. नुसती बसले तरी दम लागत होता, आणि एवढं पाणी पिऊन लघवी जेमतेम. स्त्रीबीजं काढून घरी सोडताना नर्सने नेमकं हेच सांगितलं होतं: असं झालं तर थांबू नका. मी शहाण्यासारखी मान हलवली होती. बी.एस्सी. झालेली मी, अंडाशय सुजणं, रक्ताच्या गुठळ्या, सगळं आधीच वाचलेलं. वाचताना ते दुसऱ्या कुणाचं तरी पोट होतं.

माझ्या मैत्रिणीला, हर्षिताला, अशाच एका अनोळखी बाईच्या बीजाने मुलगी झाली. तेव्हापासून आपणही बीज द्यावं असं माझ्या मनात होतं. माझा नवरा प्रणीत कसाबसा तयार झाला. “आईला नको सांगूस, घाबरेल,” एवढंच म्हणाला. आता तो मारतहळ्ळीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये, फोन बंद.

बीजं काढली त्या हॉस्पिटलला फोन लावला. “लगेच या. एकट्या येऊ नका.”

चप्पल घालतेय तोच अत्ते दारात. “कुठे निघालीस? या दिवसांत रिक्षाचे धक्के नकोत. स्वल्प, थोडं पडून राहा. उद्या प्रणीत नेईल डॉक्टरकडे.”

“ईराच्या वेळी पोट इतकं लवकर दिसलं नव्हतं हो, अक्का,” मागून कस्तुराबाई म्हणाल्या. “जुळं असेल.”

माझी लेक ईरा ओढणी धरून उभी होती. उद्यापर्यंत काही झालं, तर हिची वेणी कोण घालणार, एवढंच डोक्यात आलं.

“अत्ते, बाळ नाहीये.”

“मग काय आहे?”

“मी माझी बीजं दिली. एका बाईला मूल होत नव्हतं. ती इंजेक्शनं मला बाधलीत. पोटात पाणी झालंय बहुतेक.”

कस्तुराबाई दुसरीकडे बघू लागल्या. अत्तेंनी ईराचा हात त्यांच्या हातात दिला, पदर खोचला आणि रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली.

के. आर. पुरमच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. अत्ते माझ्याकडे वळल्या.

“त्या बाईला तुझं नाव ठाऊक आहे?”

“नाही.”

“तुला तिचं?”

“नाही. सांगत नाहीत.”

“म्हणजे उद्या ते पोर समोरून गेलं, तरी आपल्याला कळायचं नाही.”

मला आता श्वास पुरत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून ड्रायव्हरच्या सीटवर थाप मारली. “अण्णा, कुठूनही काढ, पण चल.”

हॉस्पिटलच्या दारात आयाने चाकांच्या खुर्चीत बसवलं. पोट बघून तिने कन्नडमध्ये विचारलं, कितवा महिना?

अत्तेंनी माझी ओढणी सारखी केली.

“महिना नाही,” त्या म्हणाल्या. “तू लवकर ने.”

खुर्ची वेगाने निघाली. साडीच्या निऱ्या एका हाताने उचलून, दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा धरून, अत्ते शेजारून धावू लागल्या.