कागदावर बेतलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनं शोकेस आहे आणि माझा कुणावरच विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका. तुम्ही खेळता खेळता कोपर माराल, काच तडकेल आणि मग म्हणाल, "मी काही नाही केलं, आपोआप झालं." पोटात काचेचा संसार घेऊन जो उभा असतो, त्याला संशयी व्हावंच लागतं.

माझा जन्म जुन्या नाशकातल्या एका गल्लीत, शफीभाईंच्या सुतारकामाच्या दुकानात झाला. सागवानी चौकट, पाठीला प्लाय, पुढे सरकत्या दोन काचा आणि त्यांना इवलंसं कुलूप. शफीभाईंनी मला तीनदा पॉलिश केलं आणि दर वेळी दोन पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच शंका आली की माझ्यात काहीतरी खोट आहे. काम मनासारखं झालं की ते असंच बघतात, हे मला नंतर कळलं.

मला बनवून घेतलं ते भिमाजींनी. ते सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. मूळचे घोटीकडचे. लहानपणी त्यांच्या घरात कपडे दोरीवर असायचे आणि बाकी सगळं एका पत्र्याच्या पेटीत. पुढे कॉलनीत पहिल्या मजल्यावर स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. तेव्हा त्यांनी शफीभाईंना बजावून सांगितलं, की दारात पाऊल टाकणाऱ्याला सगळ्यात आधी हे शोकेस दिसलं पाहिजे. शफीभाई म्हणाले, वीतभर अरुंद करू. भिमाजी म्हणाले, बोटभरही कमी नको. ही वीतभराची काय भानगड आहे, ते मला समजलं नाही. मी तेव्हा नुसत्या फळ्या होतो.

दारासमोरच्या भिंतीला मला उभं केलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती आली. तिच्याखाली सोनेरी काठाच्या सहा कपांचा चहाचा सेट, काचेचा मासा आणि एक बाहुली, जिचं प्लॅस्टिक कुणी कधी काढलंच नाही. पुढे भिमाजींच्या मुलाची, ललितची, शाळेतली बक्षिसंही आली. किल्ली भिमाजींच्या खिशात असायची. पाहुणे यायचे, बूट काढता काढता म्हणायचे, "वा, काय शोकेस आहे!" भिमाजींची मान ताठ व्हायची आणि माझीही. ते सोनेरी कप चांगल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवले होते. पाहुणे पुष्कळ आले, पण कप बाहेर काढावेत इतका चांगला पाहुणा काही सत्तावीस वर्षांत आला नाही. चहा आपला स्टीलच्या पेल्यांतूनच गेला. मी मात्र डोळ्यांत तेल घालून पहारा केला.

आणि संशय कुणाकुणाचा घ्यावा! फडकं घेऊन येणाऱ्याचा तर घ्यायचाच. झाडूवाल्या हाताचा घ्यायचा. माझ्या पाठीमागच्या भिंतीचासुद्धा मला संशय होता, कारण रोज सकाळी माझी पाठ गरम व्हायची. पलीकडे कुणी चूल पेटवतं की काय, या विचाराने मी वर्षानुवर्षं धास्तावलेला होतो. माझ्या उजव्या अंगाला खिडकीची एक झडप होती, तिच्यातून उजेडाचा एक पट्टा खोलीत यायचा. तो तेवढाच असतो, अशी माझी समजूत होती.

भिमाजींच्या पत्नी शकुबाई. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्याच शिवायच्या. त्यांचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, मोरीच्या शेजारी होतं. बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना दोरे आणि कापडाचे तुकडे दिसायला नकोत म्हणून. तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागायची. थोड्या थोड्या वेळाने हाक यायची, "ललित, जरा सुईत दोरा ओव रे." ललित अभ्यास सोडून जायचा आणि दोरा ओवून यायचा. मला वाटायचं, या बाई जरा जास्तच लाड करून घेतात.

दोन वर्षांपूर्वी भिमाजी गेले. ललित तोवर रेल्वेत लागला होता आणि बायकोला, निकिताला, घेऊन इगतपुरीला राहत होता. घरात शकुबाई आणि आम्ही. म्हणजे मी, दिवाण, दोन खुर्च्या आणि ती पत्र्याची पेटी. किल्ली आता शकुबाईंकडे आली, पण कित्येक महिने त्यांनी मला उघडलंच नाही. काचेवर धूळ बसली. आपल्याला सगळे विसरले असं मला वाटू लागलं, आणि खरं सांगतो, फार वाईट वाटायचं.

मग यंदा पाऊस सरल्यावर काहीतरी बिनसलं.

शकुबाई दुपारी जेवल्या की मोबाईलवर घरं बघू लागल्या. कुणाकुणाची सजवलेली, पांढरी, मोकळी घरं. एके दिवशी त्यांनी दिवाणावर पांढरी चादर टाकली आणि कोपऱ्यात एका बरणीत वाळक्या काड्या उभ्या केल्या. दोन दिवस त्या काड्यांकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी काड्या फेकल्या, चादर काढली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घातल्यासारखं वाटतंय." मग त्यांनी साठवलेले कापडाचे तुकडे जोडून दिवाणाला रंगीबेरंगी खोळ शिवली. सासऱ्यांची ती पत्र्याची पेटी घासूनपुसून दिवाणापुढे ठेवली आणि तिच्यावर चहा ठेवायला लागल्या. ज्या खुर्च्या जन्मभर टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्या त्यांनी एकमेकींसमोर आणल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं. मग एका दुपारी त्या गळ्यातली टेप काढून माझ्याकडे आल्या. माझी उंची मोजली, रुंदी मोजली, हात घालून पाठीमागची फट चाचपली. नंतर मोबाईलवर माझा फोटो काढला. काळजात धस्स झालं हो! जुन्या टीव्हीचा असाच फोटो काढला होता आणि तिसऱ्या दिवशी एक टेम्पो येऊन त्याला घेऊन गेला होता.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठे मोठे कागद केले, कात्रीने कापले आणि जमिनीवर पसरले. प्रत्येक कागदावर स्केचपेनने नाव लिहिलं. खुर्ची. पेटी. दिवाण. शोकेस. रोज दुपारी त्या ते कागद इकडून तिकडे सरकवायच्या. कधी 'खुर्ची' लिहिलेल्या कागदावर मांडी घालून बसायच्या आणि डोळे मिटायच्या. मी तुम्हाला खरं सांगतो मित्रांनो, माझी खात्री पटली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.

असं वाटणारा मी एकटा नव्हतो. समोरच्या गॅलरीतून सावळीरामभाऊंना हे सगळं दिसत होतं. त्यांनी ललितला फोन केला, की तुझी आई कागदांशी बोलते, लय दिवस चाललंय, एकदा येऊन बघ.

रविवारी सकाळी ललित आणि निकिता आले. शकुबाई त्यांना बसवून चहा टाकायला आत गेल्या. बसवून म्हणजे काय, पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे कागद. ललित माझ्यापाशी उभा राहून हळू आवाजात निकिताला म्हणाला, "बघितलंस? खुर्चीला खुर्ची लिहून ठेवलंय. वस्तूंची नावं विसरायला लागली असणार. म्हणून लिहितेय." निकिता म्हणाली, आधी डॉक्टरांना दाखवू. ललितचं आधीच ठरलं होतं. आईला आजच सोबत इगतपुरीला न्यायचं आणि हे घर बंद करायचं. मला तोंड असतं तर मी म्हणालो असतो, बरोबर आहे, मी साक्षीदार आहे. हे मी आज लाजेने सांगतोय.

शकुबाई चहा घेऊन आल्या. ललितने पेला घेतला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आज वार कोणता गं?"

शकुबाईंनी त्याच्याकडे बघितलं, निकिताकडे बघितलं. त्यांना सगळं समजलं. त्यांचा चेहरा असा पडला, की मला माझी काच काळी करून घ्यावीशी वाटली.

"रविवार," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तू घरी आहेस. माझं डोकं फिरलंय असं वाटतं ना तुला?"

ललित गडबडला. तसं नाही, पण तू एकटी असतेस, काळजी वाटते, तिकडे तुला वेगळी खोली आहे, असं बरंच काही बोलला. शकुबाईंनी त्याला बोलू दिलं. मग त्या खाली बसल्या आणि एक कागद हातात घेतला.

"मी ब्लाउज शिवताना थेट कापडाला कात्री लावते का? आधी कागद बेतते. कागद चुकला तर टाकून देता येतो, कापड चुकलं तर गेलं. माझ्याच्याने आता रोज रोज लाकडं ढकलवत नाहीत. म्हणून कागद हलवते, त्यावर बसून बघते, इथे बरं वाटतं का, तिथे बरं वाटतं का. साऱ्या कॉलनीची मापं घेतली मी. या घराचं माप माझ्या अंगावरून कुणी कधी घेतलं नाही. ते मी घेतेय."

निकिता खाली बसून कागद बघू लागली. ललित मात्र अडूनच होता. 'शोकेस' लिहिलेला कागद स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी पडला होता, तो त्याला दिसला. "पण हे का हलवायचं?" तो म्हणाला. "बाबांनी हौसेने ठेवलंय इथे."

"बाबांनी ते पाहुण्यांसाठी ठेवलं. मी या घरात पाहुणी नाही."

तेवढ्यात दार वाजलं. दारात शफीभाई. दाढी पिकलेली, हातात हत्यारांची पिशवी. शकुबाईंनी माझा फोटो त्यांना पाठवला होता आणि आज बोलावलं होतं. माझी तर बोबडीच वळली. ज्याने जोडलं तोच आता तोडायला आला, असं मला वाटलं. ते माझ्यासमोर आले, दोन पावलं मागे गेले आणि एक डोळा मिटून बघितलं. मग म्हणाले, "चला, हात लावा सगळ्यांनी."

मी जिवाच्या आकांताने कुरकुरलो. पाय रोवून धरले. ललितने एका बाजूने उचललं, शफीभाईंनी दुसऱ्या, आणि सत्तावीस वर्षांनी मी भिंतीपासून सुटलो.

भिंतीवर माझ्या मापाचा एक गडद चौकोन होता आणि त्यात खिडकीची दुसरी झडप. रंगाने चिकटून बसलेली. शफीभाईंनी पटाशीने रंग खरवडला, खालून एक ठोसा दिला आणि झडप करकरत उघडली. सकाळचं ऊन सबंध खोलीत घुसलं. माझ्या पाठीला जी चूल वाटत होती, ती ही उन्हाने तापणारी झडप होती. मी चोरांवर पाळत ठेवून बसलो होतो आणि या घरातला अर्धा उजेड माझ्याच पाठीमागे अडकून पडला होता. मला फार लाज वाटली, मित्रांनो. इतकी लाज मला धुळीची कधी वाटली नव्हती.

"वीतभर कमी करा म्हटलं होतं मी," शफीभाई म्हणाले. "भिमाजींनी ऐकलं नाही. पहिलं घर होतं भाभी, हौस होती माणसाला."

ऊन ज्या कागदावर पडलं होतं, तो ललितने वाकून वाचला. त्यावर लिहिलं होतं, मशीन. त्याने आत स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे बघितलं.

"चौथीत होतो तेव्हापासून दोरा ओवून द्यायचो मी," तो म्हणाला. "मला वाटायचं, आईची नजर अधू आहे."

मग तो आत गेला आणि मोरीजवळचं मशीन एकट्याने उचलून आणलं. कागद जिथे होता, अगदी तिथेच ठेवलं. शकुबाई स्टुलावर बसल्या. दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं केलं. पहिल्यांदा हुकलं, दुसऱ्यांदा हुकलं. ललितचा हात पुढे आला, तो निकिताने मागे ओढला. तिसऱ्या खेपेला दोरा सुईतून आरपार गेला. संध्याकाळच्या गाडीने ललित आणि निकिता दोघंच इगतपुरीला परत गेले.

आता मी स्वयंपाकघराच्या भिंतीला आहे. शफीभाईंनी माझ्या काचा आणि कुलूप काढून टाकलं. बुद्धमूर्ती आहे तिथेच, पण खाली दोऱ्यांची रिळं आहेत, बटणांचे डबे आहेत, गुंडाळून ठेवलेले कागद आहेत. बाहुलीचं प्लॅस्टिक निघालं. सोनेरी काठाच्या कपातून शकुबाई रोज खिडकीपाशी चहा पितात. पहिल्याच आठवड्यात एक कप फुटला. मी म्हटलं होतं की नाही? मला वाटलं, आता त्या बाकीचे कुलपात ठेवतील. त्यांनी तुकडे गोळा केले, फरशी पुसली आणि दुसऱ्या कपात चहा ओतला. मला न सांभाळता त्यांनी सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वापरलं आणि माझ्यावर आता धूळ बसत नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पुसा, खिळे ठोका, वाळवीवर लक्ष ठेवा. पण एक काम आधी करा. आज घरी गेलात की बघा, सगळ्यात चांगल्या उजेडाची जागा कुणाला दिली आहे आणि दिवसा दिवा लावून कोण काम करतंय. त्या उजेडात माझ्यासारखं एखादं लाकूड ऐटीत उभं असेल, तर त्याला खुशाल ढकला. ते कुरकुरेल. कुरकुरू द्या.