बिनकुलपाच्या किल्ल्या

हास्नाने पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधला, पदर खांद्यावरून मागे टाकला आणि व्हरांड्यात थोडं चालून पाहिलं. मान न वळवता कान दिला. पाठीवर काहीतरी किणकिणलं, चहाच्या कपात चमचा हलावा तसं.

तिचा मुलगा टुलू पायरीवर बसून वाळूत काडी ओढत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

तिने गाठ सोडली आणि शिवणयंत्राच्या पेटीची किल्लीही त्यात ओवली.

"आता ही कुठली?" तिचा नवरा मोताहार जुम्म्याच्या नमाजाहून परतला होता. डोक्यावरची टोपी काढून घडी घालत तो दारातच थांबला. "घराला कुलपं किती आणि तुझ्या पदराला किल्ल्या किती! लोकांना वाटेल, तुरुंगाचा अधिकारी राहतो इथे."

"बाईमाणसाच्या पदराला किल्ल्या असाव्यात. घराला शोभतं."

"अगं, हे नव्या तऱ्हेचं घर. दार ओढलं की आपलं आपण लागतं."

जुडग्यातल्या निम्म्याहून अधिक किल्ल्यांना कुलपंच नव्हती. काही कंत्राटदाराच्या भंगारातल्या, एक मोडीत काढलेल्या ट्रंकेची, एक तर रस्त्यावर सापडलेली. तिने राख लावून त्या घासल्या होत्या.

खऱ्या किल्ल्या जुन्या ढाक्यात, बेचाराम देउडीतल्या सासरच्या घरात होत्या, मोठी जाऊ कुलसुमच्या पदराला. तांदळाच्या कोठीची, अत्तराच्या माळ्याची, गच्चीच्या दाराची. टुलू जन्मला आणि हास्नाला विषमज्वर झाला. ती उठून बसू लागली तोवर बाळ कुलसुमच्या खांद्यावर मान टाकायला शिकलं होतं. कुलसुमला मूल नव्हतं. त्या घरात एका खोलीतून दुसरी खोली निघे, आणि लांबून कुठूनतरी तो आवाज येई. खण्... जरा थांबून पुन्हा खण्. हास्नाच्या छातीशी असलेला टुलू दूध अर्ध्यावर सोडून मान वळवायचा. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळून जायचं. ते पुसताना हास्नाचा हात जरा जोरात फिरायचा.

सरकारने धानमंडीची भातशेतं घेऊन तिथे भूखंड पाडले, तेव्हा मोताहार कचेरीत बसून त्याच रस्त्यांच्या रेघा आखत होता. अर्ज करा म्हणून हास्नाच त्याच्या मागे लागली. हवा आहे, उजेड आहे, उघडी गटारं नाहीत, पोराची तब्येत सुधारेल. उद्याचं ढाका माझ्या बायकोला आधी दिसलं, असं मोताहार दोस्तांपाशी कौतुकाने सांगे. तिला दिसत होतं ते एवढंच, की फुलबाडियाच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे तो आवाज पोचणार नाही.

ईदला सगळे जुन्या घरी गेले होते. निघताना टुलूने कुलसुमचा पदर सोडला नाही. त्याची बोटं एकेक करून उकलावी लागली. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं, गाडी जाईतो थांबावं लागलं, आणि तेवढा वेळ तो रडून रडून ओकला. त्यानंतर हास्नाला जायला कधी सवड झाली नाही. आज कुलसुमच यायची होती, नवं घर बघायला, पहिल्यांदाच.

घोडागाडी घराच्या फाटकाशी लागली तशी हास्नाने टुलूला उचलून कडेवर घेतलं. त्याला खाली उतरायचं होतं. तिने आणखी घट्ट धरलं.

"साहेब," कोचवान टपावरून मोताहारला म्हणाला, "घोडा विचारतोय, ढाका मागे राहिलं ते परतेपर्यंत जागेवर असेल ना?"

"त्याला म्हणावं, हेच ढाका आहे."

"म्हटलं मी. हसतोय तो."

इद्रिसमियाँ, मोताहारचे थोरले भाऊ, आधी उतरले. मग एका हातात बाकरखानी रोट्यांचा डबा सांभाळत कुलसुम उतरली. तिने विटांच्या कुंपणाकडे पाहिलं, पलीकडच्या भाताच्या खाचरांकडे पाहिलं, आणि टुलूकडे न बघताच म्हणाली, "काय गं हास्ना, किती वाळलीस! एवढी हवा खातेस ती जाते कुठे?"

"या ना, बुबू." जावेला ती थोरल्या बहिणीसारखी बुबू म्हणे.

हास्नाने श्वास धरून ठेवला होता. कुलसुम तिच्या पुढून व्हरांड्यात चढली, खोलीत गेली, न्हाणीतला नळ सोडून बघून आली. तिच्या मागोमाग कुठलाच आवाज नव्हता. टुलू आईच्या कडेवरून उतरला, तिच्या साडीआड उभा राहिला आणि पाहुणीकडे एका डोळ्याने बघू लागला. धावला नाही. हास्नाला बरं वाटलं, आणि आपल्याला इतकं बरं वाटावं याचं तिला नवलही वाटलं.

चहा आला. इद्रिसमियाँ बाकरखानी मोडून बुडवत म्हणाले, "मोताहार, रात्री कोल्हे ओरडत असतील रे इथे?"

"ओरडू देत, बडेभाई. अजून थोडी वर्षं. मग इथे जागा मिळणार नाही."

"ओरडतातच," कुलसुम म्हणाली. "आपल्या घरचे लालबाग सोडून देउडीत आले ना, तेव्हाही लोक म्हणाले होते, कोल्ह्यांत चाललेत. सासूबाई सांगायच्या. घरात दोघी जावांचं पटेना म्हणून आले होते. मग ते वारी मोहल्ल्यातले बंगले झाले, मग रमना मोहल्ला. हे शहर असंच वाढतं बाई. कुणीतरी रुसतं, आणि थोडं उत्तरेला जाऊन घर बांधतं."

मोताहार मोठ्याने हसला. "भाबी, आमच्या नकाशात हे कुठेच लिहिलेलं नाही!"

हास्ना हसली नाही. कुलसुमच्या चेहऱ्यावर काही सापडतं का, ते ती शोधत होती. कुलसुम डब्याचं झाकण लावत होती.

तेव्हा हास्नाला तो पदर दिसला. चांगली ठेवणीतली साडी होती, तरी पदराचं एक टोक चुरगळलेलं. वर्षानुवर्षं तिथेच गाठ बसून इस्त्रीलाही न जुमानणाऱ्या चुण्या, आणि मधे गंजाचा तांबूस डाग.

"बुबू, किल्ल्या?"

"हिचं काय चाललंय कुणास ठाऊक," इद्रिसमियाँच म्हणाले. "जुडगा उशीखाली ठेवून आली. लग्न झाल्यापासून आजारपणातसुद्धा सोडला नव्हता. मी म्हटलं, विसरलीस. तर म्हणते, नाही."

"गाडीत फार वाजतात," कुलसुम म्हणाली. तिने पदर पुढे ओढून मांडीत घेतला आणि दोन्ही हात त्याखाली ठेवले.

टुलू आईची साडी सोडून एव्हाना पुढे आला होता. तो कुलसुमच्या पाठीमागे जाऊन काही शोधू लागला. तिने हात पुढे केले नाहीत, त्याला जवळ ओढलं नाही.

"बडोआम्मा, किल्ल्या हरवल्या?"

"नाही रे राजा." कुलसुमने हास्नाकडे एकदाच पाहिलं. "तुझ्या आम्माला देऊन टाकल्या. बघ, तिच्या पदराला आहेत."

टुलूने बघितलं. तो सरळ चालत हास्नाकडे आला, तिच्या पाठीवरचा जुडगा त्याने मुठीत घेतला आणि तिच्या मांडीला टेकून उभा राहिला. किती महिने हास्नाने याचीच वाट पाहिली होती. तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. हेसुद्धा पुन्हा बुबूच्याच हातून मिळावं! आवाज मागे ठेवून येण्याएवढं मन मोठं करणंही तिलाच आधी सुचावं!

"वाजव," टुलू म्हणाला.

हास्ना उठली. सगळ्यांच्या देखत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. किण किण किण. टुलू मान तिरकी करून ऐकत होता.

"असं नाही," तो म्हणाला.

"असंच असतं रे," कुलसुम घाईने म्हणाली. "छान वाजतात. माझ्यापेक्षा छान." आणि ती उठली. "चला हो, रेल्वेचं फाटक बंद झालं तर अडकून पडू."

ऊन उतरलं होतं. कोचवानाने घोड्याच्या तोंडाची चंदीची पिशवी काढली. इद्रिसमियाँ आणि मोताहार रस्ता पुढे कुठवर जाणार ते बोलत फाटकाकडे गेले. कुलसुम पायऱ्या उतरायला लागली, आणि हास्नाने मागून तिचा पदर धरला.

"अगं, काय करतेस?"

हास्नाने आपल्या पदराची गाठ दातांनी सोडवली. कुलसुमच्या पदराचा तो चुरगळलेला कोपरा हातात घेऊन जुडगा त्यात ठेवला, आणि जुन्या चुण्यांत गाठ आपली आपणच बसली.

"चाला, बुबू."

"हास्ना, अगं पोर ऐकेल..."

"चाला ना."

कुलसुम चालू लागली. डावं पाऊल ती जरा दाबून टाकायची, मग अर्धा क्षण थांबल्यासारखी व्हायची. त्याच भंगारातल्या किल्ल्या, शिवणयंत्राची, मोडक्या ट्रंकेची. खण्... जरा थांबून पुन्हा खण्.

पुन्हा वाळूत काडी ओढत बसलेल्या टुलूने मान वळवली. अगदी तश्शीच. मग काडी टाकून तो धावत सुटला. कुलसुमने खाली बसून त्याला उरापोटाशी घेतलं, आणि तिची पाठ हलताना हास्नाला पायरीवरून दिसली. कोचवान दुसरीकडे बघत लगाम साफ करत राहिला.

हास्ना हळूहळू फाटकापर्यंत आली. कुलसुम एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने घाईघाईने गाठ सोडायला बघत होती. ती सुटत नव्हती.

"असू दे, बुबू," हास्ना म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून कोरडा निघाला. "पुढच्या शुक्रवारी आम्ही येऊ किल्ल्या न्यायला."

कुलसुमने वर पाहिलं आणि गाठीवरचा हात काढला.

हास्नाने टुलूला घेण्यासाठी हात पुढे केले. तो आला. रडला नाही. गाडी हलली तेव्हा आईच्या खांद्यावरून तो दक्षिणेकडे कान लावून बसला, चाकांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येतंय का ते बघत. हास्नाही ऐकत होती. ऐकता ऐकता तिची बोटं आपल्या पदराच्या रिकाम्या टोकाशी गेली. तिथे चुण्या पडायला नुकतीच सुरुवात झाली होती.