शेवटची अळी उठेपर्यंत

त्या एप्रिलमध्ये नीवेसला मिठी मारायची बंदी होती. म्हणजे एल्वियोला बंदी होती, दुसरं कोण मारतंय! तिच्या झग्याच्या आत, अगदी छातीशी, रेशीमकिड्यांच्या अंड्यांची पुरचुंडी होती. खसखशीएवढी अंडी, हजारोंनी. गावात दर वसंतात हे काम घरातल्या पोरीचंच. पंधरा दिवस धावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, पालथं झोपायचं नाही. अंगाच्या उबेनंच ती फुटायची.

"माझ्यापेक्षा ते किडे नशीबवान," एल्वियो कुंपणापलीकडून म्हणायचा.

"गप रे! आई ऐकेल."

"ऐकू दे. म्हणेन, आर्जिया काकू, मलाही एका पुरचुंडीत बांधा."

हा एल्वियो म्हणजे शेजारच्या गिरणीवाल्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा. गाल आत गेलेले, पण हसला की समोरच्याला हसायलाच लागायचं. आणि त्याच महिन्यात, गाव ताब्यात घेतलेल्या जर्मनांचा सक्तीच्या भरतीचा कागद आला त्याच्या नावानं. आठ दिवसांत हजर व्हा. त्यानं कागद चुलीत घातला आणि पहाटे नदीकडे पळाला. नीवेसनं त्याला शेतातून जाताना पाहिलं, अगदी शंभर पावलांवर! आणि तिला पळता येईना. पुरचुंडीवर हात दाबून ती नुसती भराभर चालत राहिली, चालत राहिली, आणि तो ठिपका होऊन झाडीत गेला. तिला वाटलं, फेकून द्यावी ही अंडी. पण फेकणार कशी? बाप दोन वर्षांपूर्वी डोंगरी पलटणीबरोबर रशियाला लढायला गेलेला, सोळा महिन्यांत एक ओळ नाही. घरात मायलेकी दोघीच. वर्षाचं मीठ, मक्याचं पीठ, पायांतले बूट, सगळं त्या खसखशीतून येणार होतं.

तर अंडी फुटली, अळ्या माळ्यावर वेताच्या तट्ट्यांवर गेल्या, आणि मे महिन्याच्या मध्यावर एल्वियो परत आला. कसला परत आला, सांगाडा आला! नदीच्या दगडगोट्यांत झोपून झोपून छातीत खोकला भरलेला. गिरणीत तर जाणंच शक्य नव्हतं, तिथं दर दोन दिवसांनी शिपाई यायचे. चौकात कागद लावलेला, पळून आलेल्याला जो लपवेल त्याचं घर जाळू. त्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतलं एक जाळलंही होतं, धूर इकडून दिसत होता.

नीवेसनं त्याला माळ्यावर नेलं. आईला न सांगता! माळ्याच्या कोपऱ्यात वाळक्या काटक्यांचे भारे रचलेले होते, अळ्यांना शेवटी कोष बांधायला चढवायचे ते. त्यांच्या मागे त्याला बसवला. तिथं परकं माणूस येतच नाही. तिची आई आर्जिया कुणाला जिन्याची पायरीही चढू द्यायची नाही. नजर लागते, तंबाखूच्या वासानं अळ्या मरतात, कांदा खाऊन आलेल्याला तर ती खालूनच हाकलायची. आणि मुख्य म्हणजे तो आवाज!

तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला कसं सांगायचं? तीस हजार अळ्या तुतीचा पाला खातात तेव्हा सगळं घर बोलायला लागतं. सर सर सर सर, थांबतच नाही. खाली चुलीपाशीसुद्धा ऐकू येतं. त्यात एल्वियो कितीही खोकला तरी कुणाला पत्ता लागत नव्हता. पाला टाकायला नीवेस वर गेली की भाऱ्यांमागून हळूच आवाज यायचा, "हे जेवतात किती! मला बघून लाज वाटते का त्यांना?"

"तुझ्यासारखे फुकट नाही खात. रेशीम देतात."

"मी पण देईन काहीतरी. जगलो तर."

ती मग मक्याच्या पिठाच्या पोलेंताचा गार तुकडा भाऱ्यातून आत सरकवायची. बोटाला बोट लागायचं, तेवढंच.

पण अळ्या चार वेळा झोपतात ना! कात टाकायला. आणि चौथी झोप मोठी, दीड दिवसाची. त्या मंगळवारी संध्याकाळी आवाज विरळ झाला, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. नीवेस दरवर्षी हे बघायची आणि दरवर्षी तिच्या अंगावर काटा यायचा. तट्ट्यांमागून तट्ट्या, तीस हजार जीव, सगळ्यांनी मान वर उचललेली आणि एकही हलत नाही. चर्चमध्ये मिसेच्या प्रार्थनेत घंटी वाजल्यावर सगळी माणसं थांबतात तसं. कुणी सांगितलं यांना? सगळ्यांना एकदम?

एल्वियोही फटीतून बघत होता. पहिल्यांदाच त्यानं थट्टा केली नाही. "नीवेस," तो म्हणाला, "मी श्वास कसा घेऊ गं आता?"

त्या दोन रात्री आणि मधला दिवस त्यानं बाही तोंडात कोंबून काढला.

गुरुवारी सकाळी अर्ध्या अळ्या जाग्या झाल्या. भुकेल्या, माना इकडे तिकडे फिरवत. अर्ध्या अजून झोपलेल्या. आणि इथं आर्जियाचा नियम म्हणजे नियम: शेवटची उठेपर्यंत पहिलीला पान नाही. आधी घातलं की उठलेल्या पुढे जातात, झोपलेल्या पाल्याखाली गुदमरतात, आणि वर्ष वाया. नीवेस सात वर्षांची असताना तिनं चुकून एक मूठ पाला टाकला होता, त्या थपडेचा आवाज तिला अजून आठवायचा.

ती पाल्याची टोपली घेऊन वाट बघत उभी होती आणि अंगणात मोटार थांबली.

जर्मन! तिनं झरोक्यातून पाहिलं. एक सार्जंट, दोन शिपाई. खाली आई बोलत होती, "गोठा बघा, तळघर बघा, माझी कशाला ना आहे?" मग बूट जिन्यावर. भाऱ्यांमागे एल्वियोचा श्वास घुसमटायला लागला, खोकला वर यायच्या आधी होतो ना, तसा.

नीवेसच्या हातात टोपली. समोर झोपलेल्या अळ्या, मान वर करून. आईचं सगळं वर्ष.

आणि तिनं पाला फेकला! डावीकडच्या तट्ट्यांवर, मूठ मूठ, झोपलेल्यांवर, जाग्या झालेल्यांवर, सगळ्यांवर. सर, सर. सुरू झालं. पण अर्ध्याच जाग्या, तेही एकाच बाजूला. आवाज अगदी पातळ.

दार उघडलं. सार्जंट आत आला, उंच, मध्यम वयाचा, ओठांत सिगारेट. मागोमाग आर्जिया. आर्जियानं तट्ट्यांकडे पाहिलं. झोपलेल्यांवरचा हिरवा पाला पाहिला. मग लेकीकडे पाहिलं.

नीवेसला वाटलं, आता ही ओरडणार, आता सगळं संपलं.

तेवढ्यात भाऱ्यांमागून आवाज आला. खोकला नाही, दाबलेला हुंकार फक्त. सार्जंटनं मान वळवली.

"ती सिगारेट!" आर्जिया कडाडली. सार्जंटसुद्धा दचकला. "ती आधी बाहेर टाका! माझ्या अळ्या मारता का? तुमच्या आईनं काही शिकवलं की नाही? नीवेस, बघत काय राहिलीस, ही बाजू उपाशी ठेवलीस होय गं?"

आणि तिनं दुसरी टोपली उचलली. स्वतः! जिनं आयुष्यात हा नियम मोडला नाही तिनं उजवीकडच्या सगळ्या तट्ट्यांवर, वरपासून खालपर्यंत, पाला ओतला. आणि आवाज वाढला, वाढला, दोन्ही भिंतींवरून परत आला, छपराला जाऊन भिडला. त्यात कोपऱ्यात कुणीतरी पोट धरून खोकत होतं, आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.

सार्जंटनं सिगारेट बुटाखाली विझवली. मग तो झरोक्यापाशी गेला आणि वर आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन. "पाऊस नाही?" मोडक्यातोडक्या भाषेत तो म्हणाला.

"नाही," आर्जिया म्हणाली. "हे जेवतायत."

तो वाकला. एका तट्टीला कान लावला. टोपी काढली त्यानं, खरंच काढली, आणि तसाच वाकून ऐकत राहिला. मग शिपायांना काहीतरी म्हणाला आणि ते सगळे पावलं न वाजवता जिना उतरले.

मोटारीचा आवाज रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत आर्जिया हलली नाही. मग टोपली खाली ठेवली.

"आई, मी..."

"कोण आहे?"

"एल्वियो."

"गिरणीवाल्याचा? वाटलंच. माझी पोर झोपलेल्यांवर पाला टाकणारी नाही, म्हणजे इथं तीस हजारांपेक्षा मोठं काहीतरी आहे, एवढं कळलं मला." ती भाऱ्यांकडे वळली. "बाहेर ये रे, खोकल्या!"

तो बाहेर आला, केसांत काटक्या, डोळ्यांत पाणी. "काकू, माझ्यामुळे तुमचं..."

"रडायचं नंतर. हात धू. झोपलेल्या वेचायच्यात, गुदमरायच्या आत."

आणि मग तिघं बसले. पाल्याखालून एकेक झोपलेली अळी बोटांच्या टोकानं उचलायची, वेगळ्या तट्टीवर ठेवायची. हजारो! नीवेसची पाठ मोडली, एल्वियोला घाम फुटला. एक पुसटशी पांढरी अळी त्याच्या तळहातावर मान वर करून तशीच होती, तो तिच्याकडे बघतच राहिला. "हिला माहीतच नाही काय झालं ते," तो हळूच म्हणाला.

दिवस कलेपर्यंत वेचल्या. कितीतरी गेल्या. आर्जियानं मेलेल्या ओंजळीत घेऊन कोंबड्यांना टाकल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, वेगळ्या ठेवलेल्या तट्टीवर हालचाल झाली. एक मान फिरली. मग दुसरी. आर्जियानं शेवटची उठेपर्यंत वाट पाहिली, तास गेला, दीड तास गेला, आणि मगच पाला टाकला. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, सर... सर...

आर्जिया डोळे मिटून ऐकत होती. नवरा गेला होता त्या रशियाच्या दिशेचा झरोका उघडा होता.

"उशिरा उठतात," ती म्हणाली. "पण उठतात."

नीवेसनं एल्वियोचा हात धरला. आईसमोर! आईनं डोळे उघडले, ते हात पाहिले आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

"काकू," एल्वियो म्हणाला, "भूक लागलीय."

"आधी त्यांचं होऊ दे."